फरशी पुलावरचा दोर

पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी आली, तेव्हा टॉकीजमध्ये आमच्या गावकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. बुलढाण्याचा दुपारचा खेळ होता आणि काळ्यापिवळ्या जीपमध्ये कोंबून अर्धं गाव आलं होतं. माझी माय माझ्या शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. तिला वाचता येत नाही. “काय लिवलं हाय रे?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “सारं खरं हाय म्हन्ते.” तिनं पडद्याला हात जोडले.

पिक्चर माझ्या मोठ्या भावावर होता. मी पडलो शाळामास्तर; दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर माझं पोट चालतं. पहिल्या दहा मिनिटांतच माझं डोकं फिरलं. आमची सांभाराची वाडी होती, म्हणजे पुण्याकडच्यांची कोथिंबीर. पिक्चरमध्ये तिथं डोक्याएवढा ऊस. आमचं टिनाचं घर, त्याला यांनी नक्षीचा दरवाजा बसवला. पिक्चरमधली माय जी बोली बोलत होती ती महाराष्ट्राच्या कोणत्या तालुक्यात बोलतात, देव जाणे. भाऊ धाड गावच्या बाजाराला सायकलवर जुड्या बांधून जायचा. पडद्यावर तो बुलेटवर फिरत होता आणि मागे एक गोरीपान पोरगी बसली होती.

“हे पोरगी कोन व्हय?” मायनं विचारलं.

“कोनी नाही. पिक्चरवाल्यानं टाकली.”

तिनं तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा रुसली. भावानं ती आपल्यापासून लपवली, असंच तिच्या मनानं घेतलं.

खरी गोष्ट छोटी होती. परतीच्या पावसात एका बाजाराच्या दिवशी, दुपारी, गावाजवळच्या फरशी पुलावर जीप बंद पडली आणि वरच्या अंगानं पाणी आलं. भाऊ तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्यानं विहिरीवरचा दोर कमरेला बांधला, दुसरं टोक काठावरच्या बाभळीला एक वेढा देऊन माझ्या हातात दिलं आणि एकेका माणसाला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. बायका, म्हातारे, सगळे. शेवटी ड्रायव्हरसाठी परत गेला आणि तेवढ्यात पाण्याचा लोंढा आला. ड्रायव्हर पुलाच्या दगडाला धरून वाचला. भाऊ दुसऱ्या दिवशी खाली, दोन कोसांवर सापडला; कमरेचा दोर पाण्यानं ओढून नेला होता.

दोर तुटला, असं मी सांगितलं. काठावरचे लोक तेव्हा वाचलेल्यांना वर ओढत होते, माझ्याकडे त्यांची पाठ होती. तुटला असेल तर बाभळीपाशी तुकडा राहायला हवा, हे त्या गोंधळात कोणाला सुचलं नाही. पुढेही कोणी तुकडा मागितला नाही.

मी तो सोडला होता. निसटला नाही. लोंढ्यानं दोराला हिसका दिला, माझा पाय चिखलातून पाण्याकडे घसरला, आणि मला वाटलं की आता मीही जाणार. मी घाबरलो आणि दोन्ही मुठी उघडल्या. इतकी वर्षं हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

म्हणून पिक्चरवाले गावात आले तेव्हा मी त्यांना मदत करायला सगळ्यात पुढे होतो. दिग्दर्शक मुंबईचा, चष्मेवाला, नम्र माणूस. मला सर-सर करायचा. त्यानं एकदाच विचारलं, “सर, तो दोर आहे का अजून?” मी म्हटलं, नाही. मग तुटण्याचं दृश्य त्यानं माझ्याकडून बारकाईनं लिहून घेतलं: कसा ताणला गेला, कसे पीळ सुटले, कसा आवाज झाला. मी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. शूटिंग त्याच पुलावर, त्याच बाभळीपाशी झालं. त्या दिवशी मी परीक्षेचं काम काढून शाळेतच बसून राहिलो.

टॉकीजमध्ये तो प्रसंग आला तेव्हा मी निवांत होतो. ऊस, बुलेट, पोरगी, इतक्या चुका झाल्यावर आता काय बिघडणार? पडद्यावर माझं काम करणारा मुलगा बाभळीपाशी उभा होता. लोंढा आला. दोराला हिसका बसला. त्या मुलाचा पाय घसरला आणि त्यानं दोन्ही मुठी उघडल्या.

दोर तुटलाच नाही. झाडाभोवती सरसर फिरून तो पाण्यात गेला, आणि तो मुलगा आपले रिकामे हात बघत राहिला.

  मग माय उभी राहिली आणि पडद्याला म्हणाली, “खोटं हाय हे! माह्या पोरानं नाही सोडला! दोर तुटला होता!” मागून आमचे गावकरी ओरडायला लागले. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “मास्तर, तुमच्यावर अन्याय करून राह्यले हे लोक.” मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

रात्र कशीबशी काढून सकाळी मी दिग्दर्शकाला फोन केला. आवाज चढवूनच बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, स्क्रिप्टमध्ये तुटण्याचंच होतं,” तो म्हणाला. “तुम्ही सांगितलं तसंच. अर्धा कापलेला दोर आम्ही तयारही ठेवला होता. पण त्या पोराच्या हातून पहिल्याच टेकला दोर सुटला. पाण्यातल्या नटाला वेगळी तार होती म्हणून बरं. नंतर त्याला विचारलं, तर म्हणतो, मी सोडलाच नाही, मला आठवतच नाही. दाखवलं तेव्हा रडायला लागला.”

“मग ते ठेवलं काऊन?” माझी बोली बाहेर पडली.

“दुसरे सहा टेक घेतले, सर. पण हा एकच खरा वाटला.”

मी फोन ठेवला. सगळा पिक्चर ठरवून खोटा केला होता आणि एकच गोष्ट न ठरवता झाली, ती तेवढी खरी निघाली. बाभळ तीच होती. याहून जास्त विचार करायची माझी हिंमत झाली नाही.

त्यानंतर मला तो दिवस वेगळाच आठवायला लागला. पूर्वी आठवण माझ्या डोळ्यांतून असे: समोर पाणी, हातात दोर. आता ती मला पलीकडच्या काठावरून दिसते, जिथं कॅमेरा होता. मी मलाच बघतो. आणि मायचं त्याहून वाईट झालं. नातवाच्या मोबाईलवर तिनं पिक्चर पुन्हापुन्हा पाहिला. दोर सुटतो तेव्हा डोळे मिटायची आणि नंतर उघडायची. एके दिवशी भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडे बघून म्हणाली, “हा फोटो काही त्याच्यावानी वाटत नाही.” तिला भावाचं काम करणारा नट आठवत होता.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितर जेवू घालतात. गेलेल्याच्या नावानं घागर भरायची आणि त्याच्या वयाचा, जमल्यास त्याच्या चणीचा एक जिवंत माणूस पाटावर बसवायचा. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, आंब्याचा रस आणि पुरणपोळी पोटभर वाढायची. ताटावरून उठेपर्यंत तो माणूस पितर असतो. गावात जे तरुण भावाचे पितर म्हणून बसले, ते आता डोक्यानं पिकले, लेकरंबाळंवाले झाले. पण माय दरवर्षी नवा पंचवीस वर्षांचाच शोधते. “तो थोडीच म्हातारा झाला,” म्हणते.

यंदा तिनं हट्ट धरला की पिक्चरमध्ये भाऊ झालेल्या त्या पोरालाच बोलवायचं. मी चिडलो, समजावलं, दोन दिवस अबोलाही धरला. तिनं परस्पर नातवाकडून दिग्दर्शकाला फोन लावून घेतला. आणि तो नट खरंच आला. पुण्याचा, साधा, भिडस्त पोरगा. या गोष्टीला तो नाही म्हणू शकला नसावा.

त्याला पाटावर बसवलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दारात ऊन तापलं होतं. मायनं त्याचे पाय धुतले, आपल्या पदरानं पुसले आणि पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठलीच नाही. तो अवघडून माझ्याकडे बघत होता. मी वाढत होतो. तो मान खाली घालून हळूहळू जेवला.

जेवण झालं की माय पितराला एक प्रश्न विचारते: “काही राह्यलं का रे बाप्पा मनात?” त्यावर, “नाही माय, पोट भरलं,” असं म्हणायचं असतं. गावच्या प्रत्येकाला हे उत्तर ठाऊक आहे. या पोराला ते कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं आणि मी रागात विसरलो होतो.

मायनं विचारलं. तो गप्प राहिला.

तिनं पुन्हा विचारलं. त्यानं वर बघितलं, मायकडे नाही, माझ्याकडे.  एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पितर गप्प बसला होता. मायचा चेहरा पांढरा पडायला लागला. पितराच्या मनात काहीतरी राहिलं आहे, हा त्याचा अर्थ तिला कळत होता आणि मलाही.

मला ते सहन झालं नाही. मी रसाचं पातेलं खाली ठेवलं. “माय, दोर तुटला नाही,” मी म्हटलं. “म्या सोडला. म्या भेलो न् सोडून देल्ला.”

 मी तिच्या थपडेची वाट बघत होतो. खरं सांगतो, ती मला हवी होती. पण मायनं माझ्या गालावरून हात फिरवला.

“पिक्चर डोक्यात गेला याच्या,” ती सुनेला म्हणाली. “घरात रोज तेच लागते, आता सोताचंच खरं वाटून राह्यलं त्याले.”

“माय, मी पिक्चरचं नाही सांगून राह्यलो. माह्या हातानं...”

“उगा राह्य!” ती म्हणाली आणि पाटाकडे वळली. “तूच सांग बाप्पा याले. तू होता पान्यात. दोर तुटला होता का नाही?”

त्या पोरानं ताटातला हात बाहेर काढला. सबंध पिक्चरमध्ये त्याला आमची बोली एकदाही धड जमली नव्हती. मी टॉकीजमध्ये त्याच्या प्रत्येक वाक्याला दात खाल्ले होते. तो बोलला ते असं:

“तुटला माय. लहान्यानं नाही सोडला.”

लहान्या असं मला जगात एकच माणूस म्हणायचा, तेही आम्ही दोघंच वाडीत असलो की. मायलाही ते माहीत नाही. पिक्चरमध्ये ते नाही, मी कोणाला सांगितलेलं नाही. मला रडू आलं आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. भाऊ माझ्यासाठी आईशी खोटं बोलला होता, आणि आता खरं सांगायला माझ्यापाशी कोणी उरलं नव्हतं.

मायनं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. “पाह्य,” ती मला म्हणाली, “आता तरी इस्वास ठेव.”