हललेल्या काचा

निजामी जाऊन चार-दोन वर्षं झाली होती. परभणीच्या एका फोटोच्या दुकानात माझं काम खोटं बोलण्याचं होतं. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा; त्या काचेवर बारीक पेन्सिल फिरवून मी गिऱ्हाइकाचे बसलेले गाल भरून काढायचो, डोळ्यांखालचं काळं उजळायचो. सगळे खूश.

मग मलाच क्षय झाला. थोरल्या भावाने झरीच्या शेतात मला खोप घालून दिली आणि माझं ताट वेगळं केलं. दुकानाच्या मालकाने जुना कॅमेरा आणि कोऱ्या काचा मलाच देऊन टाकल्या. दानत कसली डोंबलाची! मी हाताळलेली वस्तू त्याला परत नको होती.

खोपीत मी ठरवलं, आता खरं तेच काढायचं. खोकल्याची उबळ आली की बायकोने भिंगावरचं झाकण काढायचं, उबळ थांबली की लावायचं. काच औषधात धुतली की बाज, मडकं, कुडाची काडी न् काडी लख्ख दिसे. बाजेवर माझ्या जागी नुसता धुरकट पट्टा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रडलो. जे डॉक्टरला तोंडाने सांगता आलं नव्हतं, ते तिथे दिसत होतं.

भावाला दाखवलं. नाकाला उपरणं लावून तो लांबूनच म्हणाला, "हलल्यात की रं समद्या. वाया गेल्या. ह्यात तू कुठं हाईस?"

"दादा, मी असाच हाय आता."

तो उपरणं झटकून बांधाकडे चालता झाला.

पुढे पुतणीला बघायला सोनपेठचे पाहुणे यायचे ठरले. चुलत्याला क्षय आहे कळलं असतं तर ते उंबऱ्यावरूनच परतले असते. भावाने माझा जुना फोटो बाहेर काढला, ज्यातले गाल मीच भरून काढले होते. चौकटीला काच हवी म्हणून माझ्या काचा नेऊन गरम पाण्याने घासून पुन्हा कोऱ्या केल्या. एक पुरली असती. त्याने सगळ्या धुतल्या.

पाहुणे गेल्यावर बायको भाकरी घेऊन आली.

"माझं विचारलं का कुणी?"

"इचारलं. म्या फोटोकडं बोट केलं. म्हनलं, परभणीला कामावर हाईत, लय चांगले हाईत." भाकरी पुढे सरकवून ती म्हणाली, "पोरीचं लगीन मोडलं असतं हो."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जागी मीही तेच बोललो असतो. म्हणूनच राग कुणावर काढावा, ते मला अजून कळलेलं नाही.