गेटवरून दिसणारा झेंडा

“झेंडा लागला,” असं म्हणून हवालदार हातातलं काम ठेवून द्यायचे. पेन असो, चहाचा कप असो, कुणाचा गेटपास असो. मग गेटच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावायची, दोन्ही तळवे मागे भिंतीवर, तोंड जरासं उघडं. थोड्या वेळाने समोरच्या डोंगरातल्या दगडखाणीत सुरुंगाचा बार उडायचा आणि ऑफिसच्या काचा थरथरायच्या. ते घोटभर पाणी पीत. “हां, झालं. बोला,” म्हणत आणि बोलणं जिथे तुटलं असेल तिथून पुढे सुरू करत.

ऐंशीच्या सुमारास तुम्ही तुर्भ्याकडे आला असाल, तर तो लाल झेंडा तुम्हालाही आठवेल. बार उडवण्याआधी खाणवाले तो लावायचे आणि शिट्टी वाजवायचे. आमच्या कारखान्यात तिकडे कुणी बघत नसे. बघायचे ते एकटे हवालदार. सगळे त्यांना हवालदारच म्हणत. साताऱ्याकडचे, एकाहत्तरची लढाई करून आलेले. गावी शेतीत मन लागेना, म्हणून इथे गेटवर नोकरीला लागले होते.

ट्रकवाले त्यांची थट्टा करत. “काय हवालदार, दुश्मन आला काय?”

“आला तर पास दाखवूनच आत येईल,” ते म्हणत. तळवे मात्र भिंतीवरच असत.

मी ऑफिसात टायपिस्ट होते. इंग्रजी शाळेत शिकलेली. कागदांशी माझं बरं जमे, माणसांशी कमी. दुपारी मी गेटजवळच्या बाकावर डबा खात असे. एकदा ते म्हणाले, “मिस, तुम्ही काही विचारत नाही. बरं वाटतं.” त्यानंतरही मी काही विचारलं नाही.

मग नवे मॅनेजर आले. माणूस चांगला होता, हे आधी सांगते. बार उडताना हवालदारांच्या कपाळावरचा घाम त्यांनी पाहिला, चौकशी केली आणि त्यांना गेटवरून काढून मागच्या स्टोअरमध्ये दिलं. जाड भिंती, एक दार, खिडकी नाही. “तिथे आवाज कमी येईल, टेन्शन नको,” साहेब म्हणाले. आम्हा सगळ्यांनाच ते पटलं.

आवाज तिथेही पोचत होता, जमिनीतून. पोचत नव्हता तो झेंडा.

हवालदार आठवड्याभरात बदलले. डबा तसाच परत नेऊ लागले. स्टोअरकीपर सावंतांनी मागून खांद्यावर हात ठेवला, तर हवालदारांनी सावंतांची मनगटं धरून त्यांना रॅकवर दाबलं आणि मग स्वतःच खाली बसले. “ह्यांचं डोकं फिरलंय. घरी पाठवा, नाहीतर कुणाचा तरी जीव जाईल,” सावंत उघडपणे म्हणू लागले.

माझं टेबल खिडकीशी होतं. खिडकीतून डोंगर दिसायचा. एके दिवशी झेंडा वर गेला तशी मी उठले, हातात उगीच एक कागद घेतला आणि स्टोअरच्या दारात जाऊन म्हटलं, “झेंडा लागलाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातला खोका खाली ठेवून भिंतीला पाठ लावली. बार उडाला. “हां, झालं,” ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ऑफिसात मात्र चर्चा सुरू झाली असावी. मी दारातून परतले की सावंत खोकत.

एका सकाळी मी कार्बन पेपर आणायला स्टोअरमध्ये गेले होते. बार उडण्याची ती वेळ नव्हती. झेंडा लागला होता की नाही, मला माहीत नाही. एकदम बार उडाला, लगेच दुसरा. वरच्या रॅकवरून नटबोल्टचा डबा खाली आला. मला कळायच्या आत मी जमिनीवर होते आणि हवालदारांनी आपल्या अंगाखाली मला झाकलं होतं. माझ्या डोक्यावर त्यांचा हात होता. ते हळू आवाजात, मला नव्हे, लढाईतल्या कुणाला तरी सांगत होते, “मारुती, डोकं खाली. उठू नको रे. उठू नको.”

सावंतांनी दारातून तेवढंच पाहिलं आणि साहेबांना जाऊन सांगितलं.

साहेबांच्या केबिनमध्ये हवालदार सावधान उभे होते. “पोरीला हात लावला, साहेब. चूक माझी आहे,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. साहेबांनी मला हलक्या आवाजात इंग्रजीत विचारलं, काय झालं. मला संकोच वाटू नये म्हणून. मी मराठीत उत्तर दिलं. ते हवालदारांना कळायला हवं होतं.

“त्यांना वाटलं मी मरेन, म्हणून त्यांनी मला झाकलं. दुसरं काही झालं नाही. त्यांना आवाजाचा त्रास होत नाही, साहेब, न सांगता आलेल्या आवाजाचा होतो. गेटवरून झेंडा दिसतो. त्यांना गेटवर ठेवा.”

त्या ऑफिसात मी एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. साहेबांनी मान वळवून बाहेर डोंगराकडे पाहिलं. “उद्यापासून गेटवर या,” ते हवालदारांना म्हणाले.

ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. रविवारी मी घणसोली गावात त्यांची भाड्याची खोली शोधत गेले. दारात त्यांच्या पत्नी भेटल्या. ते आत होते. पडद्याखाली त्यांचे पाय दिसत होते.

“लई समजावलं ओ मी,” काकू म्हणाल्या. “म्हणत्यात, उद्या कुणा दुसरीला धरलं तर? ती पोरगी शहाणी होती म्हणून निभावलं. दिवाळीच्या आत गावाला जातोय आम्ही. तिथं फटाकं कमी वाजत्यात.”

आतून आवाज आला. “मिस, मार लागला होता का?”

माझं कोपर अजून काळंनिळं होतं. “नाही,” मी म्हटलं.

“मग बरं.”

काकू नळावरून भरलेली कळशी उचलून आणायला गेल्या. परत आल्या त्या उंबऱ्यातच थांबल्या. कळशी कमरेवर, पाणी हिंदकळून पदर भिजत होता.

“कळशी ठेवते हं, वाजंल,” त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या.

त्या तशाच उभ्या राहिल्या.

“हां,” आतून ते म्हणाले.

मग त्यांनी कळशी खाली ठेवली.