दादांचा आवाज होता तोवर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शुभदाला, माझ्या बायकोलाही नाही. तुम्हाला वाटेल, सांगताना रडू येत असेल. नाही येत. संताप येतो — स्वतःचा.

ऐंशीच्या दशकात आम्ही जयपूरला होतो, बनी पार्कात भाड्याने. मी रेल्वेत हेडक्लार्क. दादा, माझे वडील, कराडहून आमच्याकडे आले ते घशाचा कॅन्सर घेऊनच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनची तारीख ठरली. दादा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आवाज आहे तोवर संध्याकाळी जरा लवकर येत जा. बोलायचंय तुझ्याशी."

"इन्स्पेक्शन आहे दादा," मी म्हणालो. "मान वर करायला वेळ नाही."

इन्स्पेक्शन कधीच उरकलं होतं. ऐकताय ना? काम नव्हतंच. ऑफिस सुटलं की मी बांधलेल्या फायली सोडून पुन्हा बांधायचो, आणि मग क्लबात जाऊन कॅरम. कॅरम! "बडे बाबू को फुरसत ही नहीं," असं लोक म्हणायचे आणि मला — लाज वाटते का? नाही, किळस येते — मला ते ऐकून बरं वाटायचं. वडिलांच्या समोर बसायची भीती वाटत होती, असं म्हणू? म्हणता येईल. पण भित्र्या माणसाला इतकी छान झोप लागते का?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी असाच खेळत होतो. सहज वर पाहिलं — क्लबाच्या दारात दादा. गळ्याला मफलर, एक हात चौकटीवर. एकटेच रिक्षा करून आले होते. ऑफिसात कुणीतरी इकडची वाट दाखवली असणार.

आणि मी काय केलं? मान खाली घातली. न पाहिल्यासारखं केलं. नेम धरून राणी घेतली. टाळ्या पडल्या. पुन्हा पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

उठून मागे धावायला काय झालं होतं मला? डाव पूर्ण केला मी. जिंकलो.

घरी गेलो तर दादा खाटेवर बसलेले.

"दमलास?" त्यांनी विचारलं.

"हो. काम संपतच नाही."

माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

सकाळी हॉस्पिटलात त्यांना ऑपरेशनसाठी आत नेलं. ते 'बरं' — माझ्याशी बोललेला तोच शेवटचा शब्द.

त्यानंतर दादा कितीतरी वर्षं जगले. पाटीवर लिहायचे — पाणी, पंखा, पेपर. मी ऑफिस सुटताच घरी यायचो, त्यांच्याजवळ बसायचो. शेजारपाजारचे म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मी ते ऐकून घेत होतो.

त्यांना काय बोलायचं होतं, ते पाटीवर लिहून सांगा असं मी एकदाही म्हणालो नाही. विचारलं असतं तर दारातल्या त्या संध्याकाळचंही बोलावं लागलं असतं. दादा गेले. मी विचारलं नाही.