अंबाडीची ओळ

मला स्वस्थ बसता येत नाही. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा घरच्यांना माझा इतका जाच व्हायला लागला, की नवऱ्यानंच मला अपार्टमेंटमागच्या भाजीच्या मळ्यात पिटाळलं. मळा म्हणजे अंबरपेठेतला एक रिकामा प्लॉट. मालक परदेशात, आणि त्याच्या परवानगीनं आम्ही आठ-दहा जण दर रविवारी सकाळी तिथं माती उकरायला जमायचो. सगळ्यांत वडील अक्का. पंचाहत्तरी उलटलेल्या, जन्म हैदराबादेत काढलेल्या आणि माझ्या अगदी उलट. एका वाफ्याजवळ तासभर नुसत्या बसू शकायच्या.

मळ्याचा नियम त्यांनीच घातलेला. ज्या ओळीच्या टोकाला काठीवर लाल चिंधी असेल, ती ओळ बियाण्याची, तिला कुणी हात लावायचा नाही. बाकी जे वाळेल ते उपटून खताच्या खड्ड्यात.

त्या हिवाळ्यात चिंधी होती लाल देठाच्या अंबाडीला. इथं तिला गोंगुरा म्हणतात. हे बी अक्कांनी गौलीगुड्यातल्या जुन्या घराच्या परसातून आणलेलं. ते घर गेलं, पण बी दर वर्षी पेरलं जात राहिलं. आता अक्काच निघाल्या होत्या, पुण्याला मुलाकडे, कायमच्या. तिकीटही काढून झालं होतं. सोबत काय काय नेणार, असं विचारलं तर म्हणाल्या, "दोन बॅगा कपडे आणि ह्या अंबाडीचं डबीभर बी. बाकी काही नक्को."

संक्रांत झाली. पहाटेची थंडी ओसरली, दुपारचं ऊन टोचायला लागलं. अंबाडीची पानं गळून नुसत्या काटक्या आणि तपकिरी बोंडं उरली. दर रविवारी मी विचारायची, "काढू या का?" अक्का एक बोंड चिमटीत दाबून बघायच्या. "जरा सबूर कर. अजून आठ दिवस." ते आठ दिवस मला खायला उठायचे. मग पाणी घालायची माझी पाळी नसतानाही मी रोज मळ्यात जायची. टोमॅटोला उगाच पाणी घाल, खड्ड्यावर पाइप धर, असलं काहीतरी चालायचं.

अशाच एका शुक्रवारी त्या चिंधीकडे लक्ष गेलं. मातीनं आणि पारव्यांच्या घाणीनं ती लाल होती हेही कळत नव्हतं. मला मळकं बघवत नाही. सोडली, घरी नेली, साबण लावून धुतली, दोरीवर टाकली आणि विसरले. रविवारी सिकंदराबादला लग्न होतं, त्यामुळे मळ्यात गेले नाही. अक्काही सामान बांधत घरीच होत्या.

सोमवारी गेले तेव्हा खड्डा काटक्यांनी भरलेला दिसला. कुणीतरी काम केलंय म्हणून बरं वाटलं आणि मी सवयीनं त्यावर भरपूर पाणी मारलं. मंगळवारी पुन्हा मारलं. अंबाडीच्या ओळीकडे बघायचं मला सुचलंच नाही.

बुधवारी अक्का डबी घेऊन आल्या आणि सपाट वाफ्यापुढे उभ्या राहिल्या.

ओळ रविवारी उपटली होती आमच्यातल्याच, पुण्याहून आलेल्या आयटीतल्या एका जोडप्यानं. संध्याकाळी सगळे जमले. "काकू, आम्ही नीट बघितलं होतं, चिंधी नव्हती," ती मुलगी मलाच सांगत होती. तिचे डोळे भरले होते. कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांना काय कळणार शेतीतलं. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं, आणि माझी दातखीळ बसली. चिंधी माझ्या दोरीवर स्वच्छ वाळत होती.

रात्र कशीबशी काढली. सकाळी चिंधी घेऊन अक्कांचं दार वाजवलं आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. त्यांनी चिंधी उलटसुलट करून बघितली. "इस्त्रीपण केलीस?" एवढंच म्हणाल्या आणि चपला घातल्या.

आम्ही दोघी खड्ड्यातल्या ओल्या काटक्या उपसत बसलो. बोंडांची कुसं बोटांत रुतत होती. बी सापडलं, पण माझ्या पाण्यानं टम्म फुगलेलं. कित्येकांना पांढरे कोंब फुटले होते.

"आता हे डबीत राहत नाही," अक्का म्हणाल्या. "जगायचं तर आजच मातीत जायला पाहिजे."

त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा तीच ओळ पेरली. काठी रोवली, चिंधी बांधली. मग रिकामी डबी माझ्या हातात दिली. "पुढच्या संक्रांतीला भरून आण. तोवर हात लावू नक्को."

"कुरिअर करीन," मी म्हणाले.

"कुरिअर नक्को. तू ये."

"पण तोवर तुम्ही..." मी जीभ चावली.

"मला सबुरीची सवय आहे," त्या हसल्या. "परेशान तू होशील."

जोडप्याची माफी मी त्याच संध्याकाळी मागितली. अक्का दुसऱ्या दिवशी पुण्याला गेल्या.

अंबाडी आता कमरेइतकी झाली आहे. मी रोज जाते, हात पाठीमागे बांधून उभी राहते आणि परत येते. रविवारी फोन करते. त्या अंबाडीचं विचारतात, आणि मी त्यांचा आवाज मागच्या वेळेपेक्षा बारीक तर झाला नाही ना, ते ऐकत असते. संक्रांतीला अजून पाच महिने आहेत.