फळ्यावरचं ‘चालेल’

नेरूळला सारसोळ्याच्या अलीकडे मी बालवाडी चालवायचे, तेव्हा आमच्या भागात नुकतीच केबल आली होती. केबलवाला रोज संध्याकाळी स्वतःच्या चॅनेलवर मुलांसाठी कार्टूनची कॅसेट लावायचा. सगळी इंग्रजी. पालक बहुतेक साताऱ्याकडचे, मार्केटात गोण्या वाहणारे. पोरांनी हे बघावं की नाही, हे विचारायला ते माझ्याकडे यायचे. मी बारावी झालेली. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी मी.

मला तो मान फार आवडायचा, खोटं कशाला बोलू. केबलवाल्याकडून कॅसेट आधीच मागवायची, बघायची आणि दाराशेजारच्या फळ्यावर ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ लिहायचं. माझी चाळणी सोपी होती. रक्त दिसतं का, शिव्या आहेत का, तोकड्या कपड्यांतल्या बायका नाचतात का. इंग्रजी शिव्या मला कळल्याही नसत्या, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मीही आणून दिलं नाही.

एका अस्वलाच्या कार्टूनला मी बिनदिक्कत ‘चालेल’ दिलं. त्या अस्वलावर कधी कपाट पडायचं, कधी दगड. ते पापडासारखं चपटं व्हायचं आणि अंग झटकून पुन्हा उभं राहायचं. मी स्वतः पोट धरून हसले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मार्केटात गोण्यांच्या थप्पीखाली सापडले. जीव वाचला, पण पाठीचा कणा गेला. हॉस्पिटलमधून घरी आणल्यापासून ते कॉटवर उताणेच. मुलगी साडेचार वर्षांची. येईल त्याला सांगायची, आता पप्पा अंग झटकतील. एकदा तिनं त्यांच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं, कारण पाणी पडलं की अस्वल लवकर उठायचं.

काही महिन्यांनी तिची आई माझ्याकडे आली. भांडली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं तिनं मला सांगितलं, आणि मग म्हणाली, “बाई, कार्टून चालंल म्हनून तुमीच लिवलं व्हतं. आता तुमीच तिला सांगा. माझं ऐकत नाय, तुमचं खरं मानती.”

मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेले. आई दळण आणायला खाली गेली होती. तिची वाट बघायला हवी होती, पण मला कामं पटापट उरकायची खोड. वडील डोळे मिटून पडले होते. झोपलेत असं वाटलं, आणि जागे असते तरी मी थांबले नसते. ज्याचं दुखणं त्याला ते ठाऊक असणारच, हे मी धरूनच चालले होते. मुलीला मांडीवर घेतलं. कार्टून खोटं असतं, पप्पा आता कधीच उठणार नाहीत, डॉक्टरांनी आईला तसं सांगितलंय, हे सगळं तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. मुलांशी खरं बोलावं, असं पालकांना मी नेहमी बजावायचे.

कॉटवरून आवाज आला, “कवा सांगितलं डाक्टरनं?”

बायकोनं त्यांना काहीच कळू दिलं नव्हतं. दिवाळीपर्यंत उभे राहाल, एवढंच ती म्हणत आली होती. हे तिनं मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले.

ते रागावले नाहीत. मुलगी माझ्या मांडीवरून उतरली, कॉटपाशी गेली आणि त्यांचा हात ओढत म्हणाली, “पप्पा, उठा ना.” यावर ते रोज ‘उद्या’ म्हणायचे, असं तिच्या आईनं मला नंतर सांगितलं. त्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.