तिरपं विमान

माझा कुठल्याच चालवणाऱ्यावर विश्वास नाही. वाडी या ट्रकवाल्यांच्या गावात आधी ट्रक चालवले, मग ड्रायव्हर ठेवून चालवून घेतले. स्टिअरिंगवर बसलेला माणूस काहीतरी लपवतोच, हे माझं पक्कं मत. म्हणून मुलीला छोटं विमान चालवण्याचा परवाना मिळाला तेव्हाही मला वाटलं, खरं काम शेजारी बसणारे शिक्षकच करत असणार. तिनं हे ओळखलं असावं. एका दुपारी तिनं मलाच शेजारी बसवलं.

निघण्याआधी तिनं बजावलं, तुमच्या पायाशी पेडल आहेत, त्यांना पाय लावू नका. मी हो म्हटलं. शेजाऱ्याला पेडल कशाला, ही शंका मनातच ठेवली.

वर सगळं ठीक होतं. उतरताना मात्र डावीकडून वारा सुटला आणि थांबून थांबून ढकलू लागला. धावपट्टी समोर, विमानाचं तोंड भलतीकडे. आणि ही शांत. ते मला अजिबात पटेना. रस्ता चुकलेले ड्रायव्हर असेच गप्प बसतात. तेवढ्यात एक जोराचा झोत आला, जमीन अंगावर येतेय असं वाटलं, आणि माझ्या उजव्या पायानं मला न विचारता ब्रेक दाबला.

तो ब्रेक नव्हता. विमानाचं नाक एकदम उजवीकडे फिरलं.

"बाबा, पाय काढा," ती म्हणाली. आवाजही चढवला नाही. मी पाय काढेपर्यंत तिनं इंजिनाचा जोर वाढवून विमान पुन्हा वर उचललं होतं. मी घाबरलो होतो, त्याहून जास्त लाजलो होतो. दुसऱ्या खेपेला पाय सीटखाली ओढून धरले. विमान तसंच तिरपं आलं आणि टेकायच्या क्षणी तिनं ते सरळ केलं. वाऱ्यात असंच आणतात, हे तेव्हा कळलं.

खाली तिचे शिक्षक उभे होते. पुढच्या, मोठ्या परवान्याच्या परीक्षेला तिला बसवायचं की नाही, ते त्यांच्या हातात. पहिल्यांदा काय झालं, त्यांनी विचारलं. वारा होता, तिनं खाली बघत सांगितलं. मग सराव कमी पडतोय, परीक्षा एवढ्यात नको, ते म्हणाले.

मला राहवेना.

"साहेब, वारा नव्हता. माहा पाय होता."

ते तिच्याकडे वळले. तिलाच विचारलं, खोटं का सांगितलंस?

"मंग तुम्ही बाबाले पुन्हा बसू दिलं नसतं, सर."