सगळे गुलाबी
माझ्या वडिलांनी मला फसवलं. ओहोटीला शिवडीच्या चिखलाचा वास परळच्या आमच्या गॅलरीत आला, की ती सकाळ आठवते. गिरणी बंद पडल्यापासून ते कुठे गेलेच नव्हते, म्हणून मी त्यांना होडीतून खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य दाखवायला नेलं. पक्षी लांब, चिखलाच्या कडेला उभे होते. "जवळ घे," मी होडीवाल्याला म्हणालो. "नाय शेट, उडतील. परवानगी पण नाय." माझा आवाज चढला, तसा वडिलांनी माझा हात दाबला. "दिसले रे. सगळे गुलाबी." थव्यातले निम्मे पक्षी तरी राखाडी होते, आणि धंद्यात मालातली खोट लांबून ओळखणारा मी ते ऐकून निवळलो. पुढच्या आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "यांना दोन वर्षांपासून हातापलीकडचं दिसत नसणार." पक्षी दिसले असं का म्हणालात, असं घरी विचारलं, तर वडील म्हणाले, "तू होडीवाल्याशी भांडत बसला असतास." आता ते नाहीत. ते गेले तेव्हा मला रडूही आलं नाही. पण एकाच खोलीत राहून, डोळे जात असताना दोन वर्षं त्यांनी मला एका शब्दाने का सांगितलं नाही, याचा जाब मला कुणीतरी द्यायला हवा.